समुद्रापलीकडचा शिक्का : एस्टोनिया, तालिन आणि तिथले दूतावास

आखातकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात धाकटीच्या पासपोर्टच्या कामाला इथल्या भारतीय दूतावासात गेलो होतो. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसमधून निघालो, कागद दिले, पावती घेतली आणि दोनच्या मीटिंगला पुन्हा जागेवर हजर. परतताना ट्राममध्ये ती पावती हातात धरून बसलो होतो. २०१६ साल आठवलं. तेव्हापासून हा धागा डोक्यात घोळतोय.

मी २०१३ पासून एस्टोनियात, तालिनला राहतो. देशाची लोकसंख्या साधारण १३ लाख ७० हजार. एकट्या नाशिक शहरात याहून जास्त माणसं आहेत. मी आलो तेव्हा इथे आपला दूतावास नव्हता. एस्टोनियाचं सगळं काम फिनलंडच्या राजधानीतून, हेलसिंकीतून चालायचं. एकच राजदूत दोन्ही देशांत नेमलेला, राहायला हेलसिंकीत. मधे फिनलंडचं आखात. अंतर सुमारे ८० किलोमीटर, बोटीने दोन तास.

२०१६ च्या नोव्हेंबरात माझ्या पासपोर्टचं नूतनीकरण होतं. सकाळी साडेसातची बोट. इथे नोव्हेंबरात त्या वेळी मिट्ट काळोख असतो. बोटीवर वीकएंडला निघालेले लोक, गाणी, कॉफीचा वास, आणि मी कोपऱ्यातल्या टेबलावर प्लास्टिकच्या फोल्डरमधले कागद तिसऱ्यांदा मोजतोय. एवढं करूनही चूक झालीच. फोटो तालिनमध्ये काढून नेले होते. इथे ओळखपत्रासाठी ४० बाय ५० मिलिमीटरचा फोटो चालतो, त्यामुळे फोटोवाला सवयीने तोच देतो. आपल्या पासपोर्टला तेव्हा दोन इंच बाय दोन इंचाचा चौकोनी फोटो लागायचा. खिडकीतल्या बाईंनी फोटोवर पट्टी ठेवली आणि मान हलवली. मग त्यांनीच फोटो कुठे काढून मिळतील ते सांगितलं, मी पळत जाऊन आलो, आणि खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं असताना अर्ज आत गेला. पासपोर्ट तयार झाल्यावर पुन्हा तेच. पुन्हा रजा, पुन्हा बोट.

माझ्यासारख्या नोकरदाराचं यात फार काही बिघडलं नाही. पण त्या काळात इथे शिकायला आलेल्या पोरांकडे पाहिलं की वाटायचं, यांचं काही अडलं तर जवळचा आपला माणूस समुद्रापलीकडे आहे.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तीन नव्या दूतावासांना मंजुरी दिली. एस्टोनिया, पॅराग्वे आणि डॉमिनिकन रिपब्लिक. २०२१ मध्ये तालिनला आपलं कार्यालय सुरू झालं. एस्टोनियाने दिल्लीत दूतावास २०१३ मध्येच उघडला होता. म्हणजे १३ लाखांच्या देशाने आपल्याकडे माणूस आधी पाठवला, आणि आपण आठ वर्षांनी. मला ही गोष्ट लागली होती. पण या लोकांचा इतिहास समजत गेला तसं त्यांनी घाई का केली असेल हेही कळत गेलं.

तालिनच्या जुन्या गावात पिक नावाचा रस्ता आहे. पिक म्हणजे लांब. दगडी फरसबंदी, दोन्ही बाजूंना व्यापाऱ्यांची मध्ययुगीन घरं. १९ नंबरला रशियाचा दूतावास, २८ नंबरला स्वीडनचा. दोघांमध्ये एका हाकेचं अंतर. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियन दूतावासासमोर लोखंडी कठडे लागले आणि ते कठडे भरत गेले. फलक, युक्रेनचे झेंडे, मेणबत्त्या, लहान मुलांची खेळणी. पावसाने एका फलकाची शाई ओघळून खालच्या कापडी अस्वलाच्या कानावर उतरली होती. थोरली तेव्हा सहा वर्षांची. तिने विचारलं, हे अस्वल कोणाचं? मला उत्तर सुचलं नाही.

तिथून थोडं चालत गेलं की परराष्ट्र मंत्रालय. त्याचा पत्ता 'आइसलँड चौक, १' असा आहे. ही इमारत सोव्हिएत काळात इथल्या कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीची होती. २० ऑगस्ट १९९१ ला एस्टोनियाने स्वातंत्र्य पुन्हा जाहीर केलं आणि दोनच दिवसांत त्याला मान्यता देणारा पहिला देश होता आइसलँड. मोठे देश मॉस्कोकडे बघत थांबले होते तेव्हा अडीच-पावणेतीन लाख लोकवस्तीच्या देशाने हात पुढे केला. म्हणून मंत्रालयाच्या दारातल्या चौकाला त्यांचं नाव. भारताने ९ सप्टेंबरला मान्यता दिली आणि २ डिसेंबर १९९१ ला राजनैतिक संबंध सुरू झाले.

अशा देशात परका झेंडा लागलेली प्रत्येक इमारत म्हणजे 'तुम्ही आहात हे आम्हाला मान्य आहे' असं रोज सांगणारी पाटी असते. इथल्या म्हाताऱ्या शेजारीणबाईंना मी २०२१ मध्ये सांगितलं की आमचा दूतावास होतोय, तेव्हा त्यांनी माझे दोन्ही हात धरले. त्या सहसा हस्तांदोलनही करत नाहीत.

इथे कोण कोण छोट्या देशांत राहतंय किंवा राहिलंय? तुमचे अनुभव लिहा. इतिहासाची माहिती असणाऱ्यांनी भर घालावी.

---

शनिवारपेठी

छान धागा. एक प्रश्न. दूतावासाची जमीन त्या त्या देशाची असते ना? म्हणजे तालिनमधल्या आपल्या दूतावासात पाऊल टाकलं की आपण भारताच्या भूमीवर, असं लहानपणापासून ऐकलंय.

---

वकीलीण_ठाण्याहून

शनिवारपेठी, हा समज सगळीकडे आहे पण बरोबर नाही. जमीन यजमान देशाचीच राहते, कायदाही त्याचाच. १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं २२ वं कलम एवढंच म्हणतं की दूतावासाची वास्तू अनुल्लंघनीय आहे. राजदूताच्या परवानगीशिवाय यजमान देशाचे पोलीस आत शिरू शकत नाहीत, झडती नाही, जप्ती नाही. त्यामुळे दूतावासात जन्मलेलं मूल केवळ त्या कारणाने त्या देशाचं नागरिक होत नाही.

त्याच कलमात दुसरी बाजूही आहे. वास्तूचं संरक्षण करणं हे यजमान देशाचं खास कर्तव्य आहे. धागाकर्त्यांनी पिक रस्त्यावरचे कठडे सांगितले, त्यांचा अर्थ मला असा लागतो की एस्टोनियाला रशियाचा कितीही राग असो, त्या दाराला हात लागू द्यायचा नाही, आणि लोकांना रस्त्यावर उभं राहून बोलण्यापासूनही अडवायचं नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. याच एस्टोनियाच्या मॉस्कोतल्या दूतावासाला २००७ मध्ये निदर्शकांनी अनेक दिवस घेराव घातला होता. तालिनमधला सोव्हिएत सैनिकाचा कांस्य पुतळा हलवला म्हणून. राजदूत मारिना काल्युरांद यांच्या पत्रकार परिषदेतही जमाव घुसू पाहत होता. आपल्याबाबत जे पाळलं गेलं नाही ते आपण पाळायचं, याला धीर लागतो.

वाणिज्य दूतावासांचा करार वेगळा, १९६३ चा. त्यातलं ३६ वं कलम प्रत्येक परदेशी राहणाऱ्याने पाठ करावं. अटक झाली तर 'माझ्या वकिलातीला कळवा' असं सांगण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क आहे हे तुम्हाला सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे. कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये पाकिस्तानने हेच कलम मोडलं असा निकाल दिला.

---

शनिवारपेठी

धन्यवाद ताई, इतकी वर्षं चुकीचं सांगत होतो लोकांना.

'वकिलात' हा शब्द तुम्ही वापरलात म्हणून. पेशवाईत परदरबारी राहणाऱ्या माणसाला वकीलच म्हणत. पुण्याच्या दरबारी इंग्रजांचा वकील म्हणून चार्ल्स मॅलेट १७८६ मध्ये आला आणि मुळा-मुठेच्या संगमावर त्यांची वस्ती झाली. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या लढाईच्या दिवशी ती जागा जाळली गेली. इंग्रजांचा तेव्हाचा वकील एल्फिन्स्टन त्या आधीच खडकीच्या छावणीकडे निघून गेला होता. त्याची पुस्तकं आणि कागदपत्रं त्यात गेली. संगमावरून रोज जातो, पण हे वाचल्यावर आज थांबून बघितलं.

---

रिगाची_रुपाली

आखातकाठ दादा, मी शेजारच्या लाटव्हियात, रिगाला शिकत होते. आमचं सगळं स्टॉकहोमला. म्हणजे तुमच्यासारखी दोन तासांची बोटही नाही, थेट विमान किंवा रात्रभराची बोट. लिथुआनियातल्या मुलांचं वॉर्सामधून चालायचं. विल्नियसच्या दूतावासाला एप्रिल २०२२ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि आता रिगालाही आपला दूतावास आहे. मी असताना नव्हता.

माझ्या मैत्रिणीची पर्स ख्रिसमस बाजारात गेली. पासपोर्ट, राहण्याच्या परवान्याचं कार्ड, सगळं त्यात. आईला सांगू नको म्हणून रडत होती. पोलिसांत तक्रार दिली, तिचा कागद घेतला. मग कळलं की हरवलेल्या पासपोर्टसाठी स्टॉकहोमला जायचं तर प्रवासाला कागदच नाही! शेवटी फोन आणि ईमेल करून मार्ग निघाला. तिथल्या अधिकाऱ्यांनी एकेक पायरी फोनवर समजावून सांगितली, त्यांचे उपकार आहेत. पण ते दोन आठवडे आम्ही चौघी एका खोलीत झोपत होतो, तिला एकटं वाटू नये म्हणून.

नवीन मुलांनी एवढं करा. पासपोर्टची पहिली-शेवटची पानं आणि परवान्याच्या कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत घरी आईबाबांकडे ठेवा. तक्रारीचा कागद लगेच घ्या. तातडीने भारतात परतायचं असेल तर दूतावास इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो, पण ते फक्त भारतात परत येण्यापुरतं असतं, त्यावर इतर कुठे फिरता येत नाही.

---

जुनं_टपाल

इतिहासाची भर घाला म्हणालात, म्हणून थोडं विस्ताराने.

ज्या आखातावरून आपण पासपोर्टसाठी गेलात, त्याच आखातावर १४ जून १९४० ला 'कालेवा' नावाचं फिनलंडचं प्रवासी विमान सोव्हिएत बॉम्बर विमानांनी पाडलं. तालिनहून हेलसिंकीला निघालं होतं. फिनलंड आणि सोव्हिएत संघ यांच्यात तेव्हा युद्ध चालू नव्हतं, हिवाळी युद्ध मार्चमध्येच संपलं होतं. सात प्रवासी आणि दोन कर्मचारी, सगळे गेले. प्रवाशांत दोन फ्रेंच राजनैतिक टपालवाहक होते आणि हेन्री अँथील नावाचा अमेरिकन वकिलातीतला तरुण कर्मचारी. वय २७. बाल्टिक राजधान्यांमधल्या अमेरिकन वकिलातींचं टपाल घेऊन परतत होता. दोन दिवसांनी एस्टोनियाला निर्वाणीचा खलिता आला आणि लाल सैन्य आत शिरलं. विमानाचे अवशेष केरी बेटाजवळ समुद्रतळाशी २०२४ मध्ये सापडले. ८४ वर्षं ते तिथे होते.

ऑगस्ट १९४० मध्ये देश सोव्हिएत संघात सामील झाल्याचं जाहीर झालं आणि तालिनमधल्या परदेशी वकिलातींना गाशा गुंडाळायला सांगण्यात आलं. अमेरिकेची वकिलात केंटमानी रस्त्यावर होती, तीही बंद झाली. स्वातंत्र्यानंतर अमेरिकेचा दूतावास त्याच इमारतीत परत आला.

मला सगळ्यात जास्त हलवून गेली ती बाहेर अडकलेल्या एस्टोनियन वकिलातींची गोष्ट. देश नकाशावरून गेला, पण अमेरिकेने २३ जुलै १९४० च्या निवेदनात हा ताबा मान्य नसल्याचं सांगितलं. त्यामुळे न्यूयॉर्कमधलं एस्टोनियाचं वाणिज्य दूतावास चालू राहिलं. एर्न्स्ट याक्सन नावाचे गृहस्थ तिथे १९३२ पासून होते. १९६५ मध्ये वरिष्ठ वारले आणि सगळी जबाबदारी यांच्यावर आली. मागे सरकार नाही, नवी माणसं येण्याची शक्यता नाही. ते पासपोर्ट देत राहिले. ज्या देशात परत जाता येत नाही त्या देशाचे पासपोर्ट. १९९१ मध्ये देश परत आला तेव्हा ते ८६ वर्षांचे होते, आणि त्यांनाच अमेरिकेतले आणि संयुक्त राष्ट्रांतले राजदूत नेमलं. १९९८ मध्ये गेले.

लंडनमध्ये आउगुस्ट तोर्मा यांनी १९७१ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, वकिलात सांभाळली. स्वीडनने मात्र १९४० मध्येच आपल्याकडची एस्टोनियन वकिलात सोव्हिएत संघाच्या हवाली केली होती. आज पिक रस्त्यावर स्वीडन आणि रशिया समोरासमोर आहेत हे वाचलं आणि हे आठवलं.

---

आखातकाठ

जुनं_टपाल काका, याक्सन यांच्याबद्दल ऐकलं होतं पण १९६५ नंतर ते असे एकहाती होते हे ठाऊक नव्हतं. शेजारीणबाईंच्या घरी त्यांच्या मामांचा एक जुना निळा पासपोर्ट आहे, अमेरिकेतून मिळालेला. त्या तो पिशवीत नाही, देवघरासारख्या कपाटात ठेवतात. आता कळलं का ते.

---

डिचोलीकार

थोडं विषयांतर, पण आमच्या गोव्याचंही लिहितो. पणजीत पोर्तुगालचं वाणिज्य दूतावास आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून नागरिकत्व घेता येतं. त्या एका कार्यालयामुळे गावंच्या गावं हलली आहेत. आमच्या वाड्यावर आठ घरं आहेत, त्यांपैकी तिनांना कुलूप. माणसं आधी लिस्बनला आणि तिथून इंग्लंडला. गणपतीत येतात, दारं उघडतात, पुन्हा कुलूप.

आमच्या काकांनी नोंद केली आणि भारतीय नागरिकत्व गेलं. आपला देश दोन नागरिकत्वं मानत नाही. हे त्यांना आधी कोणी नीट सांगितलं नव्हतं. आजी गेली तेव्हा त्यांना व्हिसा काढून स्वतःच्या घरी यावं लागलं. छोटी खिडकी असते, पण तिथे सही करण्याआधी घरात बसून चार वेळा विचार करा एवढंच सांगणं.

---

वकीलीण_ठाण्याहून

डिचोलीकार, हे विषयांतर नाहीच. ज्यांची नागरिकत्वं गेली त्यांनी ओसीआय कार्डाचा (भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकांसाठीचं कार्ड) मार्ग तपासावा. व्यक्तीगणिक फरक पडतो, म्हणून इथे ठाम सांगत नाही.

---

नाशिकची_आई

मी इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. माझ्या मुलाला तार्तू विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळाला आहे. आम्हाला देश नकाशात शोधावा लागला. इथल्या एका एजंटाने सांगितलं की आधी 'ई-रेसिडेन्सी' काढा, तीच पुढे राहण्याचा परवाना होते, त्याचे एवढे एवढे पैसे. हे खरं आहे का? आणि व्हिसासाठी मुंबईत काम होईल का? कृपया सांगा, आमच्या घरात परदेशात कोणी गेलेलं नाही.

---

आखातकाठ

ताई, आधी अभिनंदन! तार्तू विद्यापीठ १६३२ सालचं आहे. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, म्हणजे बघा किती जुनं. गाव लहान, शांत, मुलांना जपणारं आहे.

आता महत्त्वाचं. त्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. ई-रेसिडेन्सी ही एस्टोनियाने २०१४ मध्ये सुरू केलेली डिजिटल ओळख आहे. तिच्यावर परदेशी माणूस ऑनलाइन कंपनी काढू शकतो, सही करू शकतो. तिने देशात शिरण्याचा किंवा राहण्याचा कुठलाही हक्क मिळत नाही. ती व्हिसा नाही आणि पुढे परवानाही होत नाही. हे त्यांचं सरकार स्वतः सांगतं. विद्यार्थ्याला तिची गरजच नाही.

शिक्षणासाठी दीर्घ मुदतीचा 'डी' व्हिसा किंवा राहण्याचा तात्पुरता परवाना लागतो. ते काम एस्टोनियाच्या दिल्लीतल्या दूतावासाचं आहे, मुलाला स्वतः जावं लागेल, बोटांचे ठसे देण्यासाठी. भेटीच्या वेळा उन्हाळ्यात पटापट भरतात कारण सगळ्यांचे प्रवेश एकाच वेळी येतात. आज रात्रीच दूतावासाच्या अधिकृत संकेतस्थळावर बघा. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागालाही ईमेल करा, ते उत्तर देतात. काही अडलं तर इथेच लिहा.

---

रिगाची_रुपाली

ताई, आखातकाठ दादा म्हणतात ते शंभर टक्के. आणि मुलाला सांगा की पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात तालिनच्या भारतीय दूतावासात विद्यार्थी म्हणून नाव नोंदवायचं. तार्तू ते तालिन ट्रेनने दोनेक तास. आम्हाला हे सुख नव्हतं.

---

चिमुकलीची_माय

मी पण तालिनचीच. आमची लेक २०२२ मध्ये इथे जन्मली. तिच्या वेळी दूतावास नुकता झालेला, म्हणून लिहिते.

परदेशात जन्मलेल्या मुलाची भारतीय नागरिक म्हणून नोंद एक वर्षाच्या आत आपल्या दूतावासात करावी लागते, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांनी लिहून द्यावं लागतं. एस्टोनियात जन्मलं म्हणून इथलं नागरिकत्व मिळत नाही, ते आईवडिलांवरून ठरतं. म्हणजे ही नोंद होईपर्यंत लेक कागदोपत्री कुठलीच नसते. माझ्या मनावर त्याचं फार ओझं होतं. इथला जन्मदाखला घेतला, त्यावर नोटरीकडून अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं प्रमाणपत्र, करून घेतलं (इथे ते काम नोटरी करतात), आणि पाच आठवड्यांच्या बाळाला गुंडाळून घेऊन गेलो. फेब्रुवारी, बाहेर उणे बारा. आत गेल्यावर तिने भोकाड पसरलं. समोरच्या खुर्चीवरच्या एका पंजाबी काकूंनी तिला घेतलं आणि फेऱ्या मारत राहिल्या, आम्ही सह्या करत होतो. नाव लिहिताना माझ्या नवऱ्याने विचारलं, मधलं नाव माझंच लिहू ना? एवढा साधा प्रश्न, पण मला रडू आलं. आईच्या घरी पाचवी पुजली असती, इथे हे.

बोटीने न्यायची वेळ आली असती तर बाळाला नेलं कशावर असतं, पासपोर्टच नाही तर?

---

आखातकाठ

वाचून गलबललो. पुढच्या आठवड्यात मुलींना घेऊन तुमच्याकडे येतो.

---

बेनेलक्सवाला

लक्झेंबर्गहून. इथे आपला दूतावास अजून नाही, ब्रुसेल्समधून चालतं. पण इथे एस्टोनियाचा एक वेगळाच दूतावास आहे आणि तो अजून कोणी लिहिला नाही म्हणून लिहितो. त्यात माणसं नाहीत. बेट्सडॉर्फ गावातल्या डेटा सेंटरमध्ये एस्टोनियाचे सर्व्हर आहेत. २००७ च्या सायबर हल्ल्यात त्यांच्या बँका, वृत्तपत्रं, सरकारी संकेतस्थळं कोलमडली होती. त्यांची जमिनीची नोंद, लोकसंख्येची नोंद, न्यायालयाचे कागद, सगळं डिजिटल. मग उद्या देशावरच ताबा आला तर? म्हणून महत्त्वाच्या नोंदींची प्रत देशाबाहेर ठेवायची असं ठरलं. जून २०१७ मध्ये दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी करारावर सह्या केल्या. त्या जागेला दूतावासासारखंच संरक्षण आहे, लक्झेंबर्गचे अधिकारी परवानगीशिवाय आत जाऊ शकत नाहीत. जगातला असा पहिला करार.

मी त्या भागातून कामाला जातो. बाहेरून बघायला काहीच नाही. पण जुनं_टपाल यांनी याक्सन यांचं लिहिलं ते वाचून वाटलं, या वेळी त्यांनी याक्सनची वाट बघायची नाही असं ठरवलं असावं.

---

जुनं_टपाल

बेनेलक्सवाला, याक्सन यांच्याशी जोडलेलं हे मला सुचलंच नसतं. मन भरून आलं.

एक जोड देतो. एप्रिल २०२२ मध्ये एस्टोनियाने नार्वातलं रशियाचं वाणिज्य दूतावास आणि तार्तूमधलं कार्यालय बंद करायला लावलं. उत्तरादाखल रशियाने सेंट पीटर्सबर्गमधलं एस्टोनियाचं वाणिज्य दूतावास आणि प्स्कोवचं कार्यालय बंद केलं. जानेवारी २०२३ मध्ये दोघांनी एकमेकांचे राजदूतही परत पाठवले. नार्वा हे सीमेवरचं गाव, बहुसंख्य लोक रशियन भाषक, अनेकांकडे रशियन पासपोर्ट. त्यांना साध्या पेन्शनच्या कागदासाठीही आता तालिन गाठावं लागतं. आपल्या बोटीची आठवण त्यांच्याही नशिबी आली. बंद करण्यामागची कारणं मला पटतात, तरी त्या म्हाताऱ्यांचं वाईट वाटतं.

---

नाशिकची_आई

सगळ्यांचे खूप खूप आभार. एजंटाला नाही म्हणून सांगितलं. दिल्लीची वेळ मिळाली, जून महिन्यातली. त्याचे बाबा बरोबर जाणार आहेत. फोटो किती मापाचा लागेल?

---

आखातकाठ

व्हिसाला ३५ बाय ४५ मिलिमीटर, ताई. काढल्यावर घरीच पट्टी लावून बघा.

---

नाशिकची_आई

बघितलं, बरोबर आहे. त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर तालिनच्या आपल्या दूतावासाचा फोन नंबर लिहून दिला. म्हणाला, आई, मोबाईलमध्ये आहे. म्हटलं असू दे, इथेही असू दे.